पाणी भरण्याआधी ते काढणार कुठून, ते ठरवा

वाचकाचं पत्र

पहिल्यांदाच कस्टम वॉटर कूलिंग करायचं मनात आहे. मशीनमध्ये रायझन ९ ७९००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरवर ३६०चा एआयओ (तयार, सीलबंद वॉटर कूलर) बसवलाय, तरी रेंडर लावला की पारा ९५ला जाऊन टेकतो. ग्राफिक्स कार्डाचे पंखे तर असे ओरडतात की शेजारच्या खोलीतून विचारणा होते. कार्टमध्ये हार्ड ट्यूब, दुधाळ पांढरं कूलंट, दोन ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे धातूचे ठोकळे), एक रेडिएटर आणि पंप-रिझर्वॉयरची (पंप आणि पाण्याच्या टाकीची) जोडी टाकून ठेवलीय, पण महिनाभर पुढचं बटण दाबवत नाही. एक मित्र म्हणतो, तापमान तीस अंशांनी उतरेल. दुसरा म्हणतो, एक दिवस गळेल आणि सगळं संपेल. जुन्या एआयओचा रेडिएटर दुसरा म्हणून वापरला तर चालेल का? पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डाकडे? रेडिएटर किती लागतात? कॅबिनेटच्या माहितीपत्रकात वर ३६० आणि पुढे ३६० बसतो असं लिहिलंय.

उत्तर

महिनाभर बटण दाबलं नाहीत ते बरं केलंत. तुमची यादी मी दोनदा वाचली. पाणी आत न्यायला लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात आहे. बाहेर काढायला मात्र काहीच नाही.

माझ्या पहिल्या लूपमध्येही (पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या बंद चक्रात) नव्हतं. सहा महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग एक एसएसडी गेली. ती नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या एम.२ खाचेत होती. एक इवलासा स्क्रू सोडवायचा, बाकी काही नाही. पण त्या स्क्रूवर कार्ड, कार्डावर ब्लॉक, ब्लॉकला दोन नळ्या आणि नळ्यांत लिटरभर पाणी. खाली तोटी नसल्यामुळे मी कॅबिनेट एका कुशीवर कलंडवून बादलीवर धरलं आणि कार्डाची फिटिंग (नळी जोडणारा तुकडा) हळूच सैल केली. पहिला घोट बादलीत गेला. दुसरा कार्डाच्या पाठीवरून ओघळत, अगदी सावकाश, स्लॉटच्या दिशेने निघाला. मशीन बंद होतं, वायर काढलेली होती, म्हणून निभावलं. तीन दिवस सगळं उघडं ठेवून पंख्याखाली वाळवलं. स्क्रू सोडवायला लागलं अर्धं मिनिट.

तेव्हापासून कुणी लूपचा आराखडा दाखवला की मी आधी तळाशी बघतो. तुमच्याही यादीकडे त्याच नजरेने बघितलंय, म्हणून अर्ध्या गोष्टी बदलायला सांगणार आहे.

त्याआधी ९५ अंशांचं बघू, कारण तिथे तुमची निराशा व्हायची शक्यता आहे. रायझन ७००० मालिकेतले हे प्रोसेसर पूर्ण भार पडला की ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहावेत अशीच त्यांची रचना आहे. कूलर सुधारला तर ते त्या सवलतीत आपला वेग (क्लॉक) थोडा वाढवतात आणि पुन्हा ९५च्या आसपास जातात. शिवाय उष्णता तयार होते ती प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या दोन चिपलेटमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपांमध्ये). तिथून ती धातूच्या झाकणातून वर येते, मग पेस्टमधून ब्लॉकमध्ये जाते, आणि मग कुठे पाण्याशी गाठ पडते. अडथळा त्या वाटेतच आहे. पाणी कितीही थंड केलंत तरी ती वाट रुंद होत नाही. तेव्हा तीस अंशवाल्या मित्राचं प्रोसेसरपुरतं तरी ऐकू नका.

कार्डाची गोष्ट वेगळी. ४०८०ची चिप सुमारे ३८० चौरस मिलिमीटरची, म्हणजे ऐसपैस. तिच्यावर झाकण नाही, ब्लॉकचं तांबं थेट तिच्यावर बसतं. कार्डाचं तापमान खरोखर उतरतं आणि मुख्य म्हणजे ते ओरडणारे पंखे कायमचे जातात. तुमच्या पत्रातली खरी तक्रार तीच आहे, ९५चा आकडा नव्हे.

पण आधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरला १०५ वॉटचा, कमी वीज घेणारा इको मोड लावा आणि कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. एक आठवडा तसंच वापरा. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, गेममध्ये फरक शोधावा लागेल, आवाज मात्र जाणवण्याइतका कमी होईल. तेवढ्याने समाधान झालं तर कार्ट रिकामी करा, मला वाईट वाटणार नाही. नाही झालं, किंवा झालं तरी हाताने लूप बांधायची खाज जात नसेल, तर पुढे वाचा. खाज हेही पुरेसं कारण आहे. पूर्वी हौशी लोक गाडीच्या हीटरचा रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप जोडून हेच करत होते, तेही काही हिशेब मांडून बसले नव्हते.

रेडिएटरचा हिशेब सोपा आहे. तुमचा प्रोसेसर मोकाट सोडला तर २३० वॉटपर्यंत घेतो, कार्ड ३२०. झाले ५५०. दोघंही एकाच वेळी टोकाला जाणं दुर्मीळ, पण मोजताना तोच आकडा धरायचा. पंखे संथ ठेवायचे असतील तर रेडिएटरच्या १२० मिलिमीटरच्या एका खणामागे (एका पंख्याएवढ्या भागामागे) साधारण १०० वॉट धरतात. हा अंदाज आहे, नियम नव्हे. ३६०चे दोन रेडिएटर म्हणजे सहा खण, ६०० वॉट. बसलं गणित. एकट्या ३६०वरही मशीन चालेल, जळणार नाही. फक्त पंखे पुन्हा ओरडायला लागतील, मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

माहितीपत्रकात 'वर ३६० बसतो' असं लिहिलंय त्यावर मात्र विसंबू नका. ३६०चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० मिलिमीटरच्या घरात जातो. जाडी सर्वांत पातळ घेतला तरी ३० मिलिमीटरच्या आसपास, त्यावर पंखा २५ चा, म्हणजे ५५. ज्या टोकाला फिटिंग असते तिथे नळी वळायला अजून चार-पाच सेंटिमीटर मोकळे लागतात. वर बसवताना रॅमच्या उंच कांड्या आणि मदरबोर्डचे हीटसिंक आड येतात, पुढचा बसवताना खालच्या कोपऱ्यात पंपाशी भांडण होतं. आणि दोन रेडिएटरची टोकं वरच्या पुढच्या कोपऱ्यात एकमेकांत घुसतात, हे तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

त्यासाठी एक जुना खोका घ्या. ४०० बाय १२० बाय ५५चे दोन ठोकळे पुठ्ठ्याचे कापून चिकटपट्टीने जोडा आणि कॅबिनेटमध्ये प्रत्यक्ष ठेवून बघा. खऱ्या रेडिएटरची मापं विक्रेत्याच्या पानावर मिळाली की ठोकळे त्या मापाने पुन्हा कापा. पंपाच्या जागी तेवढ्याच आकाराची बाटली ठेवा. मग एखादी जाडसर दोरी घेऊन नळ्यांचा मार्ग आखा. मी आजही असंच करतो. पुठ्ठा परत पाठवावा लागत नाही.

एआयओचा रेडिएटर मात्र या लूपमध्ये अजिबात नको. तो जवळजवळ नेहमी ॲल्युमिनियमचा असतो, आणि तुमचे ब्लॉक तांब्याचे, फार तर निकेलचा मुलामा दिलेले. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात उभे केले की त्यांची बॅटरी होते आणि त्यात बळी जातो ॲल्युमिनियमचा. तो झिजतो, त्याचा करडा गाळ होतो आणि केसासारख्या बारीक खाचा असलेल्या ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. एआयओमध्येही हेच दोन धातू असतात, पण तिथे कारखान्यातच गंजरोधक मिसळलेला द्रव भरून सगळं सील केलेलं असतं. आपण ते सील तोडलं की तो भरवसा संपला. रेडिएटर घेताना त्यावर तांबं आणि पितळ लिहिलेलं हवं. फिटिंगही पितळेच्याच घ्या, ॲल्युमिनियमची एखादी स्वस्तात मिळाली तरी नको.

आधी प्रोसेसर की आधी कार्ड? काही फरक पडत नाही. उगाच विश्वास ठेवू नका, मोजून बघा. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरतंय असं धरलं तर ३२० वॉटचं कार्ड त्या पाण्याचं तापमान एका फेरीत सव्वा अंशाच्याही आत वाढवतं. पाणी काही मिनिटांत सगळीकडे जवळपास सारखंच होतं. तेव्हा जो मार्ग आखूड आणि सरळ, तो घ्या. पथ्यं दोनच. रिझर्वॉयर पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवा, कारण हे पंप हवा ओढून घेऊ शकत नाहीत, पाणी आपसूक त्यांच्यात उतरावं लागतं. आणि प्रोसेसरच्या ब्लॉकवर 'आत' आणि 'बाहेर' ठरलेलं असतं, ते उलटं जोडू नका.

पंप-रिझर्वॉयरची जोडी घेताय ते योग्य. डी५ जातीचा घ्या, वेग कमीजास्त करता येणारा. डीडीसी जातीचा पंप दाब जास्त देतो पण गरमही जास्त होतो, आणि तुमच्या लूपला त्या दाबाची गरज नाही. कुठलाही घेतलात तरी कोरडा फिरवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं.

आता नळ्या. हार्ड ट्यूब दिसते सुंदर, मान्य. पण पहिल्या लूपमध्ये काहीतरी चुकतंच, आणि हार्ड ट्यूबमध्ये पाच मिलिमीटरची चूक म्हणजे नवी नळी, पुन्हा हीट गन, पुन्हा तो वाक. मऊ नळीत तीच चूक कात्रीने सुटते. शिवाय कार्ड काढायची वेळ आली की मऊ नळी बाजूला वाकवता येते. म्हणून पहिल्या खेपेला मऊ, आणि त्यातही ईपीडीएम रबराची. काळी, मॅट, दिसायला साधी. पारदर्शक पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ काही महिन्यांत पाण्यात उतरतो, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. ईपीडीएममध्ये हा त्रास नाही. माप एकच ठरवा, उदाहरणार्थ आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर, आणि फिटिंगवरही नेमकं हेच दोन आकडे आहेत ना ते बघा. दोन्ही जुळायला हवेत, एक जुळून भागत नाही.

दुधाळ पांढरं कूलंट कार्टमधून काढून टाका. तो रंग विरघळलेला नसतो, बारीक कण तरंगत असतात. प्रवाह मंद झाला की ते खाली बसतात, आणि बसायला त्यांना सगळ्यात आवडती जागा म्हणजे ब्लॉकच्या खाचा. फोटोसाठी ते ठीक, रोजच्या मशीनसाठी नाही. रंगहीन तयार कूलंट घ्या, ज्यात गंजरोधक आणि शेवाळ धरू न देणारं औषध आधीच मिसळलेलं असतं. तुमच्या लूपला लिटरभर लागेल, दोन लिटर आणा. रंग हवाच असेल तर पंख्यांचे दिवे आहेत की.

फिटिंगवर सगळेच फसतात, कारण त्या कुणी मोजत नाही. तुमच्याकडे पाच वस्तू: पंप-रिझर्वॉयर, दोन ब्लॉक, दोन रेडिएटर. प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे नळीच्या दहा फिटिंग झाल्या. त्यात फिरणारे ९० आणि ४५ अंशांचे तीन-चार तुकडे. आणि आता माझा हट्ट: एक टी (तीन तोंडांची फिटिंग), एक बॉल व्हॉल्व्ह (मुठीने उघडझाप होणारी तोटी), त्यांना जोडणारा दोन्हीकडे आटे असलेला तुकडा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बूच. हा सगळा जामानिमा लूपच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर बसला पाहिजे. बहुतेक कॅबिनेटमध्ये तो पंपाच्या मुखाशी किंवा पुढच्या रेडिएटरच्या खालच्या टोकाशी येतो. कार्ड न काढता व्हॉल्व्हची मूठ बोटांत यायला हवी आणि त्याच्यापुढे नळीचा तुकडा जोडून तो कॅबिनेटच्या बाहेर काढता यायला हवा. पुठ्ठ्याचे ठोकळे ठेवलेत तेव्हा याची जागा पहिल्यांदा राखा, रिझर्वॉयर कुठे शोभून दिसेल ते नंतर. वरचं बूचही सहज उघडणारं ठेवा. वरून हवा आत गेली नाही तर खालून पाणी येत नाही.

जवळजवळ सगळे आटे जी १/४ मापाचे असतात, त्यामुळे कंपन्यांची सरमिसळ चालते. नळकामाचा अनुभव असेल तर एक सवय विसरा: टेफ्लॉन टेप लावायची नाही. इथे पाणी आटे नाही अडवत, काळी ओ-रिंग अडवते. बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवा, रिंग दबलेली दिसली की थांबा. पान्याने आवळलंत तर ॲक्रिलिकच्या रिझर्वॉयरला तडा जातो, आणि तो लगेच दिसतही नाही.

कार्डाचा ब्लॉक '४०८०साठी' एवढंच बघून घेऊ नका. एकाच चिपच्या कार्डांचे बोर्ड वेगवेगळे असतात. तुमच्या कार्डाचं पूर्ण मॉडेल ब्लॉकवाल्याच्या यादीत शब्दशः सापडलं पाहिजे. कूलर काढल्याने वॉरंटीचं काय होतं ते कार्ड उघडण्याआधी वाचा. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि थर्मल पॅड एका पिशवीत नीट ठेवा. कार्ड विकताना किंवा दुरुस्तीला देताना लागतात. नवे पॅड कुठे कुठल्या जाडीचे ते ब्लॉकच्या कागदात दिलेलं असतं, तिथे अंदाजपंचे काम नको.

रेडिएटर नवे असले तरी बसवण्याआधी धुवा. आत डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे कण राहिलेले असतात. गरम डिस्टिल्ड वॉटर भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून जोरजोरात हलवायचं, पांढऱ्या भांड्यात ओतायचं. पहिल्या खेपेला काळे ठिपके दिसतील. दिसेनासे होईपर्यंत चालू ठेवा.

दुसऱ्या मित्राची भीती अगदीच खोटी नाही. कूलंट नवं असताना वीज फारशी वाहून नेत नाही, पण धातूंच्या संगतीत राहून ते बिघडतं, त्यामुळे 'वीज न वाहणारं' या लेबलावर विसंबू नये. तरी बहुतेक गळत्या पहिल्याच दिवशी आणि फिटिंगपाशीच सापडतात, म्हणून तो दिवस मशीन बंद ठेवून घालवायचा. आधी हवेची चाचणी. काटा असलेला छोटा हातपंप मिळतो, तो एका तोंडाला लावून अर्धा बार दाब भरा आणि अर्धा तास सोडून द्या. काटा खाली आला तर एकेक फिटिंग तपासा. बहुधा एखादी ओ-रिंग खाचेतून सरकून चिमटलेली सापडेल. काटा जागेवर राहिला तरच पाणी.

भरताना वीज फक्त पंपाला. मदरबोर्ड आणि कार्डाच्या वायरी काढून ठेवा, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) २४ पिनच्या वायरीला जम्पर (मदरबोर्डशिवाय तो चालू करणारी छोटी जोडणी) लावा आणि पाठीमागच्या बटणाने पंप दोन सेकंद चालू, मग बंद. रिझर्वॉयरची पातळी धपकन खाली जाईल, पुन्हा भरा, पुन्हा दोन सेकंद. पंप आधी घरघरेल, मग नळीतून बुडबुड्यांची माळ पळताना ऐकू येईल. कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे थोडं कलतं करा, रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा निघते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप काही तास तसाच फिरू द्या. दिवसभर ठेवलात तर उत्तम, पण आपण जागे असताना. टिश्यूवर थेंब पडला की तो गोल, गडद डाग लांबूनही ओळखू येतो.

आवाजाचं शेवटचं गणित पंख्यांत आहे आणि तेच बहुतेक जण चुकवतात. पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. प्रोसेसर एखादी फाइल उघडली तरी क्षणात वीस-तीस अंश उडी मारतो आणि पंखे त्याच्यामागे धावतात. एआयओचा तो वर-खाली होणारा गोंगाट त्यातूनच येतो. पाणी मात्र सावकाश तापतं. रेडिएटर मधून काढून टाकला तरी ५५० वॉटना एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साडेसात सेकंद लागतात, आणि रेडिएटर असताना तर ते दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहतं. म्हणून बुचाच्या आकाराचा तापमान सेन्सर लूपमध्ये घाला आणि पंखे त्याला बांधा. तुमच्या मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनची जागा आहे का ते पुस्तिकेत बघा, नसेल तर वेगळा पंखा-नियंत्रक लागेल. पाणी खोलीपेक्षा दहा अंश वर असेपर्यंत पंखे निवांत फिरू देत, तिथून पुढे सावकाश वाढवा. पाणी ५० अंशांना पोचलं तर इशारा आणि ५५ला मशीन बंद, अशी सोय करून ठेवा. पंप मेला तर हीच सोय वाचवते.

वर्षातून एकदा पाणी बदला. व्हॉल्व्ह असेल तर ते पाऊण तासाचं काम आहे.

टी-फिटिंग दोन घ्या, पहिली कुठे बसवायची हे बसवल्यावरच कळतं. आणि कार्डाखालच्या एम.२ खाचेत पुढेमागे एसएसडी घालायची असेल, तर कार्ड जोडण्याआधीच घालून घ्या.